पगारपत्रक परहस्ते

२० कामगारांच्या कारखान्याचा मालक आणि २,००० कामगारांच्या कारखान्याचा कार्मिक व्यवस्थापक या दोघांनाही भविष्य निर्वाह निधीचा एकच कायदा, एकच विवरणपत्र आणि महिन्याची एकच १५ तारीख लागू असते. मात्र दुसऱ्याच्या हाताशी लेखा, कार्मिक आणि विधी असे स्वतंत्र विभाग असतात, तर पहिल्याकडे खरेदी, विक्री, बँक आणि वसुली सांभाळणारा एखादाच हिशेबनीस असतो आणि बऱ्याचदा तोही अर्धवेळ असतो. भोसरी, सातपूर, वाळूज किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत, इचलकरंजीच्या यंत्रमाग कारखान्यांत आणि शहरोशहरीच्या दुकाने, दवाखाने, शिकवणी वर्ग व उपाहारगृहांत पगारपत्रक तयार करणे, पगारातील कपाती सरकारी खात्यांत भरणे आणि त्यांची विवरणपत्रे दाखल करणे हे काम बाहेरच्या सल्लागाराकडे सोपवले जाते, ते मुख्यतः या विषमतेमुळेच. या व्यवस्थेकडे सहसा खर्च आणि डोकेदुखी वाचवण्याची सोय म्हणून पाहिले जाते. परंतु या कामात हाताळल्या जाणाऱ्या रकमेचा मोठा भाग मालकाचा नसतोच, तो कामगाराच्या कमाईतून बाजूला काढलेला आणि भरणा होईपर्यंत मालकाकडे विश्वासाने ठेवलेला असतो. त्यामुळे काम कोणाकडे द्यावे, याइतकाच काम दिल्यानंतर मालकाकडे काय उरते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

एका कामगाराचे उदाहरण घेतले तर या हिशेबाची गुंतागुंत स्पष्ट होते. मूळ वेतन आणि महागाईनुसार मिळणारा विशेष भत्ता मिळून महिना १४,००० रुपये मिळवणाऱ्या पुरुष कामगाराच्या पगारातून भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के म्हणजे १,६८० रुपये, कर्मचारी राज्य विमा योजनेचे, म्हणजेच ईएसआयचे, ०.७५ टक्के म्हणजे १०५ रुपये आणि व्यवसाय कराचे २०० रुपये कापले जातात व त्याच्या बँक खात्यात १२,०१५ रुपये जमा होतात. मालक स्वतःच्या खिशातून निधीत आणखी १,६८० रुपये घालतो, पण ही रक्कम एकसंध राहत नाही: वेतनाच्या ८.३३ टक्के, म्हणजे १,१६६ रुपये, १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेकडे वळतात आणि उरलेले ५१४ रुपये कामगाराच्या निधी खात्यात जातात. त्यावर ठेवीशी संलग्न विमा योजनेचे अर्धा टक्का, प्रशासकीय आकाराचे अर्धा टक्का आणि ईएसआयसाठी मालकाच्या वाट्याचे ३.२५ टक्के मिळवले की मालकाला हा कामगार १६,२७५ रुपयांना पडतो. मालकाने मोजलेली आणि कामगाराच्या हाती पडलेली रक्कम यांत ४,२६० रुपयांचे अंतर असते. हे पैसे तीन वेगवेगळ्या कार्यालयांकडे, तीन वेगवेगळ्या संकेतस्थळांवरून, वेगवेगळ्या नियमांनी जावे लागतात. पगारपत्रकाची सेवा देणारा मनुष्य ज्या कामाचे शुल्क घेतो, ते प्रामुख्याने या ४,२६० रुपयांना बिनचूक वाट दाखवण्याचे असते.

यांतील प्रत्येक कपातीची मर्यादा निराळी आहे. भविष्य निर्वाह निधीचा १९५२ चा कायदा २० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना लागू झाला आणि एकदा लागू झाल्यावर पुढे कामगारांची संख्या घटली तरी तो सुटत नाही, ही गोष्ट अनेक मालकांना नोटीस आल्यावरच कळते. निवृत्तिवेतन योजनेतील मालकाचा हिस्सा १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर, म्हणजे १,२५० रुपयांवर, थांबतो. ईएसआय साधारणपणे १० कामगारांपासून आणि २१,००० रुपयांपर्यंतच्या वेतनाला लागू होते. मात्र एखाद्याचा पगार वर्षाच्या मध्येच ही मर्यादा ओलांडून गेला तर वर्गणी लगेच थांबत नाही, एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च हा चालू वर्गणी कालावधी संपेपर्यंत ती भरावी लागते. जुलैत पगारवाढ देऊन त्याच महिन्यापासून कपात बंद करणे ही छोट्या आस्थापनांतील अगदी नेहमीची चूक या नियमाकडे झालेल्या दुर्लक्षातून घडते.

महाराष्ट्राच्या व्यवसाय कराचा इतिहास या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण बहुतेक पगारपावत्यांवर हा आकडा नुसताच छापलेला दिसतो आणि त्यामागचे कारण कोणी सांगत नाही. १९७२ च्या दुष्काळात उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेला कायमचा पैसा मिळावा म्हणून राज्याने १९७५ मध्ये हा कर बसवला. शहरातील पगारदाराने ग्रामीण मजुराच्या कामासाठी दिलेला तो वाटा होता. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने या कराला वर्षाकाठी २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे, म्हणून दरमहा १०,००० रुपयांहून अधिक वेतन असलेल्या पुरुषाकडून ११ महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात व बेरीज नेमकी २,५०० होते. महिलांना १ एप्रिल २०२३ पासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर हा कर नाही. आस्थापनेला या कराची दोन प्रमाणपत्रे घ्यावी लागतात: कामगारांकडून कापलेला कर भरण्यासाठी नोंदणी आणि मालकाच्या किंवा संस्थेच्या स्वतःच्या करासाठी नावनोंदणी. दोन्हींची नावे सारखी भासत असल्यामुळे एक घेतले की काम झाले असा समज होतो आणि दुसऱ्याची थकबाकी वर्षानुवर्षे साचत राहते.

आयकराची कपात याहून वेगळ्या स्वरूपाची आहे, कारण तिच्यात ठरावीक टक्केवारी नसते. मालकाने वर्षारंभीच कर्मचाऱ्याच्या संपूर्ण वर्षाच्या पगाराचा अंदाज बांधायचा, त्याने जुनी करप्रणाली निवडली आहे की नवी हे विचारायचे, त्यानुसार वर्षाचा कर काढायचा आणि तो महिन्यांत विभागून पगारातून कापायचा. यालाच उगमस्थानी करकपात किंवा टीडीएस म्हणतात. २०२३-२४ पासून कर्मचाऱ्याने काही न कळवल्यास नवी प्रणाली गृहीत धरली जाते, आणि २०२५-२६ पासून तिच्यात ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट व १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरची करसवलत मिळून पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही. त्यामुळे छोट्या आस्थापनांतील बहुतांश कामगार या कपातीच्या बाहेर राहतात. तिचा संबंध एखाद्या अभियंत्याशी, व्यवस्थापकाशी किंवा पगार घेणाऱ्या संचालकाशी येतो. कापलेला कर पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत, आणि दर तिमाहीला विवरणपत्र द्यायचे, असा क्रम आहे. विवरणपत्राला उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क लागते, जे कराच्या रकमेपर्यंत वाढत जाऊ शकते. १९६१ च्या आयकर कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या नव्या कायद्याच्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदललेले असल्याने, वर्षानुवर्षे पाठ झालेल्या क्रमांकांवर काम करणाऱ्या सल्लागारांनाही नवी घडी बसवावी लागते.

या सगळ्याला वस्तू व सेवा कराची जोड मिळते. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या या कराची विक्रीची विवरणे सामान्यतः ११ तारखेला आणि कर भरण्याचे विवरणपत्र २० तारखेला द्यावे लागते. ५ कोटी रुपयांपर्यंतच्या उलाढालीसाठी तिमाही पर्याय आहे. अशा रीतीने महिन्याच्या ७, ११, १५ आणि २० या तारखा छोट्या मालकाच्या डोक्यावर कायमच्या बसलेल्या असतात, आणि जून व डिसेंबरात कामगार कल्याण निधीची, दिवाळीपूर्वी बोनसची भर पडते.

पगारपत्रकाचे काम बाहेर देण्याचा व्यवसाय मूळचा अमेरिकेतला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, तेथे पगारातूनच आयकर कापून घेण्याचा कायदा झाला आणि प्रत्येक मालक अप्रत्यक्षपणे कर गोळा करणारा बनला. पुढे १९४९ मध्ये हेन्री टॉब याने न्यू जर्सीतील पॅटरसन येथे इतरांचे पगारपत्रक करून देणारी कंपनी काढली, तीच आज एडीपी या नावाने जगभर ओळखली जाते. १९७१ मध्ये टॉम गोलिसानो याने न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरमध्ये, मोठ्या ग्राहकांच्या मागे लागलेल्या या व्यवसायाने दुर्लक्षित ठेवलेल्या छोट्या मालकांसाठी पेचेक्स ही कंपनी सुरू केली. भारतात हे काम दीर्घकाळ करसल्लागार, सनदी लेखापाल आणि ‘पीएफ-ईएसआयवाले’ म्हणून ओळखले जाणारे कामगार कायद्यांचे सल्लागार यांच्या लहान कार्यालयांतून, हाताने भरलेल्या वार्षिक नमुन्यांवर चालत असे. २०१२ मध्ये भविष्य निर्वाह निधीचे चलन व विवरणपत्र एकत्रितपणे संगणकावरून भरण्याची पद्धत आली, २०१४ पासून प्रत्येक सदस्याला नोकरी बदलली तरी न बदलणारा सार्वत्रिक खाते क्रमांक, म्हणजे यूएएन, मिळू लागला, आणि मग झोहो पेरोल किंवा ग्रेटएचआर यांसारख्या संगणकीय सेवा छोट्या उद्योगांपर्यंत पोहोचल्या. आज बहुतेक ठिकाणी या दोन्हींचे मिश्रण आढळते: हिशेब संगणकप्रणालीवर होतो, पण नोटीस आली की धावून जाणारा माणूस ओळखीचा सल्लागारच असतो. दोघांचे काम एकमेकांना पर्याय नाही, कारण प्रणालीला नियम ठाऊक असतो, परंतु निधी कार्यालयातील निरीक्षकासमोर बसून एखाद्या ठेकेदाराचे कामगार कोणाच्या नावावर धरायचे याचा युक्तिवाद तिला करता येत नाही.

सल्लागाराच्या क्षमतेची परीक्षा मालकाने दिलेल्या माहितीशी येऊन थांबते, ही गोष्ट या व्यवस्थेत पुरेशी लक्षात घेतली जात नाही. कोणाचे किती खाडे झाले, कोणती रजा पगारी आणि कोणती बिनपगारी, कोणाच्या अंगावर किती उचल आहे, जादा कामाचे तास किती आणि त्यांचा दुप्पट दर कोणत्या वेतनावर काढायचा, हे सारे हजेरीपत्रकातून येते आणि हजेरीपत्रक कारखान्यातच असते. जादा कामाचे पैसे रोखीने वेगळे देऊन पगारपत्रकात ते दाखवायचेच नाहीत, अशी सवय ज्या आस्थापनेत आहे तिथे कितीही निष्णात सल्लागार असला तरी त्याने दाखल केलेले विवरणपत्र अपुरेच असणार. अपघात झाला किंवा कामगाराने तक्रार केली की ही दोन वह्यांतील तफावत सर्वांत आधी उघडी पडते. महाराष्ट्रात किमान वेतनाचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो, तो वेळेवर लावणे मात्र निर्विवादपणे सल्लागाराचे काम आहे आणि ते त्याच्याकडून लेखी कबूल करून घेतलेले बरे.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या चार कामगार संहितांनी या कामाची लयच बदलली आहे. वेतन संहितेने वेतनाची एकच व्याख्या केली असून घरभाडे, प्रवास आदी वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांहून अधिक झाले तर वरची रक्कम वेतनातच मोजावी लागते. मूळ वेतन मुद्दाम तुटपुंजे ठेवून निधी आणि उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, वाचवण्याची जुनी रचना त्यामुळे टिकत नाही. त्याहून व्यावहारिक परिणाम दुसऱ्या तरतुदीचा आहे: कामगाराने राजीनामा दिला, त्याला काढले किंवा त्याची कपात झाली, तर त्याचे देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावे लागते. बाहेरची सेवा महिन्यातून एकदा हजेरी घेऊन एकदा पगारपत्रक करण्यावर बेतलेली असते आणि गेलेल्या माणसाचा शेवटचा हिशेब पुढच्या महिन्याच्या पगारासोबत काढण्याची रीत सर्वत्र आहे. ती रीत आता चालणारी नाही. सल्लागाराशी करार करताना महिन्याच्या मध्येच मागितलेला हिशेब तो किती तासांत देईल, हा प्रश्न शुल्काच्या आकड्याआधी विचारला पाहिजे.

कायद्याच्या दृष्टीने काम सोपवले म्हणून जबाबदारी हलत नाही. कामगाराच्या वेतनातून निधीची किंवा ईएसआयची वर्गणी कापून ती भरली नाही, तर कापणारा मालक त्या रकमेचा विश्वस्त मानला जातो आणि हा गुन्हेगारी न्यासभंग ठरतो. भारतीय दंड संहितेच्या ४०५ व्या कलमाच्या स्पष्टीकरणांत असलेली ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ३१६ व्या कलमात पुढे चालू राहिली आहे. सल्लागाराने चलन भरायचे विसरले, हे उत्तर या ठिकाणी मालकाला वाचवत नाही. १९५२ च्या कायद्याने उशिरा भरलेल्या रकमेवर दरसाल १२ टक्के व्याज आणि त्याखेरीज नुकसानभरपाई ठेवली, ती मालकाकडूनच वसूल होते. सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑक्टोबर २०२२ रोजी चेकमेट सर्व्हिसेस प्रकरणात दिलेल्या निकालाने १९६१ च्या आयकर कायद्याखाली हा मुद्दा आणखी कडक झाला. मालकाचा स्वतःचा हिस्सा आयकर विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत भरला तरी खर्च म्हणून वजा मिळतो, पण कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा त्या त्या कायद्याच्या देय तारखेला भरला नाही तर त्याची वजावट मिळत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. न्यायालयाने या भेदाचे कारणही हेच दिले की एक रक्कम मालकाची आहे आणि दुसरी त्याने दुसऱ्याच्या वतीने धरलेली आहे. वर उल्लेखिलेल्या वेतनाचे २५ कामगार असलेल्या कारखान्यात एका महिन्याचा निधीतील हा हिस्सा ४२,००० रुपये होतो, आणि अवघ्या एका दिवसाच्या उशिरामुळे तेवढी रक्कम करपात्र उत्पन्नात मिळवली जात असे.

म्हणून पैशाचा मार्ग सेवा देणाऱ्याच्या खात्यातून जाऊ न देणे, हा या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाचा नियम मानावा लागेल. सल्लागाराने चलन तयार करावे आणि मालकाने ते आपल्या बँक खात्यातून थेट भरावे, ही पद्धत जुनी असली तरी निर्धोक आहे. न्यूयॉर्क राज्यातील मायपेरोलएचआर ही कंपनी सप्टेंबर २०१९ मध्ये एकाएकी बंद पडली, तेव्हा मालकांनी पगारासाठी दिलेले पैसे मध्येच वळवले गेले होते आणि अनेक कामगारांच्या खात्यांत जमा झालेले पगार पुन्हा काढून घेतले गेले. त्या छोट्या मालकांचा दोष एवढाच होता की पगाराची रक्कम मध्यस्थाच्या हाती देणे त्यांना सोयीचे वाटले होते. भारतात एकरकमी पैसे घेऊन पगार व कर दोन्ही भरणाऱ्या सेवा आता उपलब्ध आहेत आणि त्या घ्यायला हरकत नाही, परंतु प्रत्येक भरण्याचे सरकारी चलन आस्थापनेच्या नावाने आणि क्रमांकाने महिन्याच्या महिन्याला हाती आले पाहिजे. सल्लागाराच्या लेटरहेडवरची पोच म्हणजे पुरावा नव्हे.

पैशांइतकीच जपण्याची गोष्ट म्हणजे सरकारी संकेतस्थळांच्या किल्ल्या. निधी, ईएसआय, आयकर, व्यवसाय कर आणि वस्तू व सेवा कर यांच्या खात्यांना नोंदवलेला मोबाइल क्रमांक आणि ईमेल सोयीसाठी सल्लागाराचाच दिला जातो. परिणामी विभागाची नोटीस, मुदतीची आठवण आणि ओटीपी सारे त्याच्याकडे जाते आणि मालकाला आपल्याच आस्थापनेविषयी काही समजत नाही. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन सल्लागाराच्या खणात ठेवून देण्याची प्रथा तर सार्वत्रिक आहे, वास्तविक माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार आपल्या स्वाक्षरीची गुप्त किल्ली स्वतःच्या ताब्यात राखण्याची काळजी ज्याची स्वाक्षरी आहे त्यानेच घ्यायची असते. कामगारांची आधार, पॅन आणि बँक खात्यांची माहितीही याच वाटेने बाहेर जाते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती गोळा करणारा आणि त्याच्या वतीने ती हाताळणारा असा फरक केला असून उत्तरदायित्व पहिल्याकडेच ठेवले आहे, त्यामुळे व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पगाराच्या तक्त्याचा हिशेबही उद्या मालकालाच द्यावा लागू शकतो.

सेवा देणाऱ्याची निवड करताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते: पगारपत्रक करून देण्याच्या कामासाठी स्वतंत्र परवाना लागत नाही. सनदी लेखापालावर १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेचे शिस्तनियंत्रण असते. इतर सल्लागारांच्या बाबतीत करारातील शब्द हाच एकमेव आधार असतो आणि छोट्या उद्योगांत बहुधा करारच नसतो, दरमहा किंवा माणशी ठरलेले शुल्क आणि परस्परांची ओळख एवढ्यावर वर्षे निघतात. ओळखीचे मोल कमी नाही, पण विलंबाचा दंड कोणाच्या चुकीने लागला तर कोणी भरायचा, माहिती कोणत्या तारखेपर्यंत द्यायची आणि काम थांबवल्यास कोणती कागदपत्रे किती दिवसांत परत करायची, एवढ्या तीन बाबी तरी एका पानावर लिहिलेल्या असाव्यात.

या साखळीवर सर्वांत चांगली देखरेख खुद्द कामगार ठेवू शकतो, आणि हे बळ त्याला गेल्या दशकात मिळाले आहे. यूएएनच्या साहाय्याने निधीचे पासबुक त्याला मोबाइलवर पाहता येते, पगारातून आयकर कापला जात असल्यास तो आपल्या पॅनवर जमा दिसतो की नाही हे आयकर विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येते, आणि आजवर फॉर्म १६ म्हणून ओळखले जाणारे करकपातीचे प्रमाणपत्र जूनच्या मध्यापर्यंत मागण्याचा त्याला हक्क आहे. ज्या मालकाला आपला सल्लागार भरणा वेळेवर करतो की नाही याची खात्री हवी असेल, त्याने चार-दोन कामगारांना पासबुक उघडायला शिकवावे. तपासनीस नेमण्याहून हा उपाय स्वस्त आहे आणि कामगाराच्या मनातली शंकाही त्याने फिटते.

सल्लागार बदलायचा झाल्यास नवे आर्थिक वर्ष सुरू होताना बदलणे श्रेयस्कर असते, कारण मध्येच बदलल्यास वर्षभराच्या करकपातीचा हिशेब दोघांत विभागला जातो आणि आधीच्या तिमाहीतील चुकीची दुरुस्ती कोणी करायची यावर वाद होतो. अशा वेळी जुन्याकडून मागील वर्षांची चलने, दाखल केलेल्या विवरणपत्रांच्या पोचपावत्या, कामगारनिहाय वेतननोंदी आणि न उत्तरलेल्या नोटिसांची यादी घ्यावी, सर्व संकेतस्थळांचे पासवर्ड त्याच दिवशी बदलावेत, आणि नव्याने सुरू होणाऱ्या पहिल्या महिन्यात जुन्या व नव्या पगारपत्रकांतील प्रत्येक कामगाराचा आकडा समोरासमोर ठेवून पाहावा. कोणाच्या जन्मतारखेची नोंद चुकलेली आहे, कोणाचे निवृत्तिवेतनाचे ८.३३ टक्के भलत्याच खात्यात जात आहेत, हे बहुधा त्या एका तुलनेतच सापडते.